मधला सांधा

४ ऑगस्ट
गळतेच आहे! पन्हळीचा मधला सांधा. काल टेप गुंडाळली, आज टेपेसकट टपटप. थेंब पडतो तो नेमका मधल्या भिंतीच्या डोक्यावर — अर्धा उडतो माझ्या ओट्यावर, अर्धा धाकट्या जावेच्या. निदान एवढी तरी वाटणी सारखी झाली.

५ ऑगस्ट
मुलाला फोनवर सांगितलं. म्हणाला, "आई, पन्हळ मधून कापूनच टाक. काकूची काकूला, आपली आपल्याला. रविवारी प्लंबर पाठवतो."

बरोबरच आहे त्याचं. वाटणीत दोघा भावांनी सगळं तोडलं — ओटा, अंगण, पाण्याची टाकीसुद्धा. छप्पर एकच, म्हणून पन्हळ तेवढी राहिली. आता भाऊ दोघेही गेले. अबोला मात्र आम्ही दोघी जावा इमानेइतबारे चालवतोय, घरचा धंदा असल्यासारखा!

पन्हळ कापली की संपलंच. तिच्याशी बोलायला काही निमित्तच उरणार नाही. आता तरी कुठे बोलतेय म्हणा. पण नको वाटतंय खरं.

६ ऑगस्ट
पाऊस. टपटप.

७ ऑगस्ट
उघडीप मिळाली. म्हटलं, कापायच्या आधी एकदा बघू तरी. शिडी लावली. सांध्यावर काय ती पुटं! मी भरलेली पांढरी लांबी, त्यावर माझीच काळी टेप — आणि पलीकडून राखाडी सिलिकॉन, चांगलं बोटभर जाड. म्हणजे ही बयाही गुपचूप वर चढत होती तर! या वयात! पडली असती म्हणजे?

जुन्या उलथन्याने खरवडत होते, तेवढ्यात पलीकडे शिडी टेकल्याचा आवाज. मग तिचं डोकं वर आलं. केस पांढरे झालेत अगदी. इतक्या जवळून बघितलंच नव्हतं.

"कापताय का?" फोनवर मी मोठ्यांदा बोलते, ऐकलं असणार.

"रविवारी. आज नुसतं बघतेय."

"इकडून धरू का?"

"धर."

इतकंच. मग तिने पलीकडून पन्हळ धरली, मी खरवडत राहिले.

८ ऑगस्ट
क्लिप काढून सांधा उघडला. आतली रबरी पट्टी अजून शाबूत! सांध्यात दोन्ही बाजूंना एकेक रेघ आहे. पन्हळीचं टोक तिथवरच आणायचं, मध्ये फट सोडायची. उन्हात प्लास्टिक वाढतं, त्याला जागा लागते. आणि आम्ही? गळलं की मी माझं टोक पुढे दामटायचे, ती तिचं. टोकं एकमेकांना भिडून सांधाच वर उचललेला. वरून लिंपालिंपी!

धाकटी बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, आपण दोघी म्हणजे अगदी शहाण्या!" वहिनी म्हणाली! मी शिडीवरच हसत सुटले. "पडाल," म्हणून ओरडली वर.

पट्टीला साबणाचं पाणी लावलं. टोकं रेघेपर्यंत मागे घेतली. एक, दोन, तीन म्हणून दोघींनी एकदम दाबलं. खट्! क्लिप बसली.

९ ऑगस्ट, रविवार
धो धो. एक थेंब नाही! पलीकडून हाक आली, "नाही गळत हो!" मीही ओरडले, "इकडेही नाही!" प्लंबर आला तो भिजलेला. वर बघून म्हणाला, "यात कापायचं काय?" चहा पाजून परत पाठवला.

१३ ऑगस्ट
पाऊस. गळत नाही.

१७ ऑगस्ट
गळत नाही. तिचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग लावल्याचं. हाक मारावी तर कशासाठी? काम तर झालं. जरा जास्तच चांगलं झालं. वाईट वाटतंय, उगीच कशाला लपवू?

२१ ऑगस्ट
लख्ख ऊन. सकाळी वर काहीतरी खुडबुड ऐकू आली, म्हणून बाहेर आले. धाकटी शिडीवर. हातात सांध्याची क्लिप. मला बघून दचकली.

"गळतंय हो वहिनी, पुन्हा."

आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"गळणारच," मी म्हटलं. "थांब, शिडी आणते."