आप्पांची मान हलली

रविवार, संध्याकाळ

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. आज ग्रामसभेत जिंकलो!

ठराव आमचाच होता, कंपनीची बस थांबते तिथून गावापर्यंत दिवे. माझ्या ताईसारख्या रांजणगावला सेकंड शिफ्टला जाणाऱ्या पोरी तो रस्ता मोबाईलच्या उजेडात चालतात. पण बागायतदार आप्पा अडून बसले, "खांब न्हाई म्हंजी न्हाई." कारण सांगतील तर आप्पा कसले! लोक हसायला लागले. मलाही आप्पांचा रागच आला.

पण शिरूरला आम्ही पोरंच चालवतो त्या संस्थेत, मुत्सद्देगिरीच्या वर्गात, काय घोकलंय? आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्याची मान हलेपर्यंत. तिथं देशोदेशींच्या लुटुपुटूच्या सभेत कागदी झेंडा पुढं ठेवून मी कुठल्याशा बेटाची राजदूत झाले होते. आई म्हणाली होती, "झेंड्यानं काय व्हतंय?"

आप्पांचं रान डोळ्यांपुढं आलं आणि उठलेच. "आप्पांची शेवंती रस्त्याला लागून आहे. रात्रभर उजेड पडला तर ती कळी धरत नाही, हंगाम जातो. हसताय काय?"

आप्पांची मान हलली. आधी जराशी, मग चांगलीच.

"आप्पा, खांब पलीकडच्या बाजूला लावू, दिव्याचं तोंड खाली रस्त्यावर. मग चालेल?"

"चालंल की. आन् अनुमोदक म्हणून माझं नाव घाल, पोरी."

एकमतानं मंजूर! खरंच मी बोलले हे?

घरी आले तर आईनं तो कागदी झेंडा देवघरात, गणपतीशेजारी उभा केलाय.