डाळ मिलमधल्या खुणा

पुष्पांजली पोरी,

त्या सकाळी देवाला फूल वाहून मी डाळ मिलमध्ये आलो आणि हजेरीपटातलं तुझं नाव खोडलं. मालक म्हणाले होते, “काऊन ठेवलं बे बहिरीले? हाक तरी ऐकू येते का तिले?” नोकरीच्या भीतीनं मी त्यांचं ऐकलं.

मशीन सुरू झालं की तुरीच्या पिवळ्या धुळीत सगळे स्वप्नातल्यासारखे तरंगतात. त्या गोंगाटात हाक कुणालाच ऐकू येत नाही. सगळे अजून तू शिकवलेल्या खुणांनीच बोलतात. देवापुढे डोळे मिटले तरी मला तुझे हात दिसतात.

हे पत्र टाकणार नाही, उद्या तुला न्यायला मीच येईन. आज चालू मशीनशेजारी उभं राहून मी तुझं नाव पुन्हा लिहिलं. मालक दारातून ओरडताना दिसले. ऐकू मात्र काही आलं नाही.

तुझा अपराधी,
जीवन मुकादम