चौथा कॉम्प्युटर

२ जून
आज नव्या घरात आलो. दोनच खोल्या, पण उजेड भरपूर, आणि ओट्याशी उभं राहिलं की खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. नोकरीही नवी: घरांचे नकाशे काढायचे, तेही बरेचसे घरी बसून. ताईला फोन करून कळवलं. म्हणाली, एकटा जीव सदाशिव आहेस, निदान जेवत तरी जा वेळेवर.

५ जून
माणूस एक आणि कॉम्प्युटर तीन अशी माझी गत. टेबलावरचा कामाचा, ऑफिसने दिलेला लॅपटॉप, आणि आईबाबांचे फोटो असलेला जुना. हवी ती फाइल नेमकी दुसऱ्यावर. म्हणून दुकानात गेलो. दुकानदाराने आधी साधी हार्डडिस्क दाखवली. स्वस्त, पण ती एका वेळी एकालाच लागते, म्हणजे उठसूट वायर काढा, वायर घाला. मग राउटरला जोडायची पेटी दाखवली. आत दोन डिस्क, एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत, आणि घरातले सगळे कॉम्प्युटर ती एकदम वापरू शकतात. घरात माणसं किती, असं त्याने विचारलं. मी एकटाच म्हटल्यावर तो पेटी बांधायला लागला.

८ जून
सबंध रविवार फायली भरण्यात गेला. नकाशे, फोटो, ताईच्या फोनची रेकॉर्डिंग. माझा फोन ती आपोआप ठेवतो आणि माझ्याच्याने पुसवत नाहीत. संध्याकाळी बोलायला कोणी नसलं की एखादं लावून बसतो.
जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं पेटी दाखवते: टेबल, ऑफिस, जुना. ही मीच दिलेली. त्याखाली चौथं आहे, 'घरचा'. ते मी दिलेलं नाही.

११ जून
दुकानदार म्हणाला, शेजारचं कोणीतरी घुसलं असेल, पासवर्ड बदला. बदलला. शेजारचं घर रिकामं आहे हे नंतर लक्षात आलं.
'घरचा' अजून आहेच. तो काय उघडतो तेही दिसतं. नकाशांना हात लावत नाही. फक्त ताईची आणि माझी बोलणी ऐकतो, एकामागून एक, दुपारभर. खरं सांगायचं तर राग आला नाही. आपल्यासारखंच कोणीतरी ऐकत बसलंय, याचं बरंच वाटलं.

१६ जून
ताईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, काल तासभर बोललास, माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केलीस, सुधारलास की रे.
काल मी फोन केला नव्हता. पण तिला तसं सांगवलं नाही. इतकी खूश ती माझ्यावर कधी नसते.

१९ जून
पेटीची वायर उपटून टाकली. घसा पार बसलाय. आज काम जमणार नाही हे सांगायला साहेबांना फोन केला. त्यांना आवाज ओळखू येईना. नाव सांगितलं तर चिडले. म्हणाले, थट्टा पुरे, त्याच्याशी मी आत्ताच बोललोय.

२१ जून
ताईला सगळं सांगायचं ठरवून फोन लावला. शब्द जेमतेम फुटत होते. तिने विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, अगं, मी, तुझा भाऊ. ती म्हणाली, माझा भाऊ इथे माझ्यासमोर चहा पितोय.
मागून आवाज आला. माझा. अगदी मायेने म्हणाला, राँग नंबर असेल ताई, ठेव.

२२ जून
जुन्या कॉम्प्युटरवरचे फोटो उघडले. आईबाबा आहेत. ताई आहे. मधे उभा आहे तो हसतोय. मी फोटोत कधीच हसत—
आवाज आता अजिबात नाही.

२३ जून
दुपार. कुलपात किल्ली फिरतेय. किल्ली तर माझ्या—
आत आला. चपला काढल्या. ताईशी फोनवर बोलतोय, पोचलो म्हणून सांगतोय.
थांबला. उपटलेली वायर दिसली असावी.
हळू आवाजात तिला सांगतोय, फोन ठेवू नकोस ताई, आतल्या खोलीत कोणीतरी—