लाकडाची शर्यतीची गाडी

आबा, त्या लाकडी गाडीबद्दल तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही खाडीकाठच्या मांगरात, त्या छपराच्या शेडमध्ये, होड्या बांधत होता. मी कॉलेज संपवून घरीच होते. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी एक तरुण एसटीने मुंबईहून आला आणि त्याने परदेशी मासिकातलं एका गाडीचं चित्र तुमच्यापुढे धरलं. रात्रंदिवस न थांबता चालणाऱ्या मोटारशर्यतीत एका कंपनीने बाजी मारली होती आणि त्या आनंदात, निव्वळ प्रदर्शनात मांडायला, ही एकच गाडी घडवली होती. मोरी माशासारखी, शार्कसारखी लांब नाकाची, जमिनीला टेकलेली. तशीच गाडी त्याच्या कारखान्यालाही प्रदर्शनासाठी करायची होती. फायबरचा साचा काढण्यासाठी आधी पूर्ण मापाची लाकडी हवी होती आणि फळीला असा बाक होडीवालाच देतो, असं तो म्हणाला.

तुम्ही काम घेतलंत, पण घरी येऊन मला म्हणालात, "जी गाडी विकायची नाय, ती करायची कशाला गो?"

तेव्हा किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरतं, अशी कुजबुज होती. वजन कमी राहावं म्हणून दारांच्या आत त्याने पोकळी ठेवायला सांगितली, तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी मोजकंच बोलू लागलात. तो चहा प्यायला आला की तुमची नजर त्याच्या पिशवीवर. मीही पाहत होते, पण पिशवीकडे नाही.

मग एका दुपारी कस्टमचे दोन साहेब मांगरात येतात. त्यांना दारांच्या आतली पोकळी फोडून पाहायची आहे. तुम्ही त्यांना थांबवता, परक्याने माझ्या कामाला हात लावायचा नाही म्हणता आणि स्वतःच करवत चालवता. आत काही नाही. नुसता सागाचा वास. साहेब निघून जातात. तो तरुण चिरलेल्या दाराजवळ बसतो आणि हळूच म्हणतो, "आबा, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं."

कस्टमला कळवलं कोणी, हे तुम्ही सांगितलं नाहीत. 'मी नाही' असंही म्हणाला नाहीत. दारं नव्याने केलीत, गाडी ट्रकमधून मुंबईला गेली, तिच्यावरून काढलेल्या फायबरच्या गाडीभोवती प्रदर्शनात लोकांनी गर्दी केली म्हणे. पुढल्या उन्हाळ्यात तो परत आला आणि त्याने मला मागणी घातली. काजूच्या एका झाडासाठी भावकीशी वर्षभर भांडणारे तुम्ही, एका शब्दात हो म्हणालात. तिथेच मला खटकलं. माणूस पटला म्हणून लेक दिलीत, की ती करवत मनाला लागली होती म्हणून भरपाई केलीत?

संसार चांगला झाला, आबा. हे त्याला विचारलं तर तो हसतो आणि विषय बदलतो. त्यामुळे संशय जात नाही. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं लिहून ठेवते: तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी मी त्याच्याबरोबर गेले असते.