तियानमावशीच्या मोरीतलं लाल पाणी

प्रिय बाबा,

दोन दिवस फोन करतेय, तुम्ही उचलत नाही. म्हणून हे पत्र काकांच्या हाती देतेय. ते दुपारच्या बसनं फोशानला, तुम्ही आहात तिथं दादाकडे, येतायत. शुक्रवारी वादळ ग्वांगझौवर येणार म्हणतात.

ऑफिसनं माझ्या टीमला आपल्या वस्तीतल्या गटारांचा नकाशा करायला दिलाय. मला तर केवढा उत्साह! इथं कागदावर काहीच नाही, ज्यानं त्यानं आपापलं बांधलेलं. कुठलं पाणी कुठं जातं ते कळायला आम्ही वर रंग टाकतो आणि खाली नदीशी उभं राहून वाट बघतो. सोमवारी मी बाजारामागच्या नाल्यात लाल रंग ओतला. तास झाला, नदी आपली काळीच. तेवढ्यात आपल्या तळमजल्यावरच्या तियानमावशीचा फोन. अगं बये, माझ्या मोरीतून रक्त वर येतंय, कुणाला कापलंस? सासूबाई खाटेवरून किंचाळतायत! टीम खो खो हसली. मीही हसले, पण नंतर जेवण गेलं नाही. म्हणजे पाणी आपल्या घरापर्यंत येतं आणि पुढं जातच नाही.

गेल्या वर्षी गल्लीत गुडघाभर पाणी भरलं तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, हे भाडेकरू मोरीत भात ओततात, दुसरं काय होणार! मावशीनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. मला ते आठवतंय सारखं.

आणि नालाही आठवतोय. दारासमोर उघडाच होता, काका त्यात बदकं सोडायचे. मग कुणीतरी बातमी आणली, वस्ती पाडणार, जेवढं बांधकाम तेवढा मोबदला. सगळ्यांनी मजले चढवले, तुम्ही तर घरच पुढं, नाल्यावर सरकवलंत. त्या वर्षी बदकं गेली आणि आपल्या घरात भूमिदेव आला. बाकीच्यांचा दाराच्या कोपऱ्यात, आपला मात्र खोलीच्या मधोमध. याला कधी हलवायचं नाही, म्हणालात. तेरा वर्षं रोज उदबत्ती लावतेय, कधी विचारलं नाही का ते.

नाला झाकताना गाळ काढायला झाकण ठेवतातच. सगळी गल्ली पालथी घातली, सापडलं नाही. काल उदबत्ती लावताना सहज देवापुढच्या जमिनीला कान लावला. खाली पाणी घुसमटल्यासारखं गुडगुडत होतं.

तियानमावशीला आणि सासूबाईंना मी तुमच्या खोलीत वर नेतेय, रागावू नका. पण गल्लीत तळमजल्यावर अशी अजून अकरा घरं आहेत. उद्या सकाळी गाळ उपसणारी माणसं येतील. काका म्हणतात, ज्यानं देव बसवला त्यानंच उठवायचा, पोरी, नाहीतर घराला दोष लागतो. म्हणून लिहितेय. या ना बाबा. नकाशावर अडथळा म्हणून आपलं घर मी लिहिलंय, पुढच्या खोल्या पाडल्या जातील, तेही मला माहितेय. त्यावर नंतर हवं तेवढं भांडू. आणि यायचंच नसेल, तर एकदा फोन उचला आणि एवढंच सांगा, ते झाकण कुठल्या बाजूनं उघडतं?

वाट बघणारी, तुमचीच,
सुईयिन