डाव्या कोपऱ्यासाठी तीन नावं

पुणे,
८ जानेवारी २०२६

ती. काका व काकू यांना,
प्रेरणाचा सविनय जयभीम. मी इथं खुशाल आहे, तुमची खुशाली कळवत जा.

काका, फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मग काकू मध्ये उभी राहून माझं बोलणं तुमच्या कानात ओरडते आणि त्यात निम्मं तिचंच असतं. शिवाय हे काम कागदावरच व्हायला हवं.

मी नोकरीला आहे त्या महिला कबड्डी संघासाठी २२ फेब्रुवारीला खेळाडूंचा लिलाव आहे. चढाई करणाऱ्या मुली आमच्याकडे भरपूर आहेत, पण डावा कोपरा उघडा पडलाय. मराठवाड्यातली तीन नावं माझ्या यादीत आहेत: संभाजीनगर शहरातली संस्कृती, बिडकीनची दीपमाला आणि आपली रूपा. जिल्ह्याच्या सामन्यांचं चित्रीकरण नसतं, म्हणून आमच्या कोच मॅडमना जाणत्या माणसाचा सहीचा अहवाल हवाय. दहापैकी गुण द्यायचे. सातच्या खालचं नाव आपोआप गळतं.

रूपा माझी चुलतबहीण आहे हे मी मॅडमना सांगितलंय, आणि तुम्ही तिचे वडील हेही. त्या म्हणाल्या, पंचवीस वर्षं पंच म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द मी वाचेन. तेव्हा काका, तिघींना एकच माप लावा. नवोदितांच्या यादीला वयाची अट आहे आणि रूपा पुढच्या वर्षी त्यात बसणार नाही, एवढं फक्त कानावर घालते.

लोभ आहेच, अहवाल उशिरा आला तर माझ्याकडून थोडा कमी होईल.
तुमची,
प्रेरणा

चिकलठाणा, छ. संभाजीनगर,
१९ जानेवारी २०२६

चि. प्रेरणा हिस,
धम्मपालकाकाचा जयभीम आणि आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझी काकू म्हणते, माणसांचा लिलाव म्हणजे काय, बैलबाजार हाय का? मी समजावलं. तिला पटलं नाय.

तिन्ही पोरी दोन-दोन मॅचला बघितल्या. आधी एक सांगतो, ते तुझ्या मॅडमना सांग. डावा कोपरा म्हणजे सातजणींच्या साखळीचं टोक. चढाईवाली समोरून येते, पाय पुढं टाकून खुणावते, खोड्या काढते. टोकावरच्या पोरीनं भुलायचं नाय. वाट बघायची. तिचा पाय वीतभर जास्त आत आला की घोटा धरायचा आणि सोडायचा नाय. ज्याला वाट बघता येत नाय त्यानं कोपऱ्यात उभं राहू नये, रिक्षा चालवावी.

संस्कृती उंच हाय, हात लांब. तिनं मांडी धरली की सुटका नाय. पण पकड झाली की लोकांकडं बघते, आणि तेवढ्यात दुसरी निसटते. आठ गुण.

दीपमालाच्या अंगात लई ताकद. बिडकीनला तिनं एकीला अशी उचलली की तिची आई मैदानात धावत आली. पण उतावळी हाय. वेळेआधी तीनदा झेपावली. साडेसात.

रूपा. उंची कमी. घोटा बरा धरते. एक चढाईवाली तिच्या हातून सुटली. मॅचच्या आधी वडापाव खाते, मी स्वतः बघितलंय. सहा.

कुणाला सांभाळून घेतलेलं नाय. खाली सही केली हाय. काकूला गुण कळवू नकोस, मला या घरात जेवायचं असतं.

माया असू दे. थंडीत कानाला बांधत जा.
तुझा काका,
धम्मपाल हिवराळे

छ. संभाजीनगर,
२१ जानेवारी २०२६

चि. प्रेरणाला रत्नमालाकाकूचा जयभीम.
हे पत्र तुझ्या काकांना ठाऊक नाय. शहागंजातून चादरी आणते म्हणून निघाले आणि पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. पेन दोरीला बांधलेलं हाय, म्हणून अक्षर असं.

काकांनी अहवाल लिहिला त्या वहीचं खालचं पान मी बघितलं. हा माणूस लिहितो का नांगरतो, कळत नाय. खालच्या तीन पानांवर अक्षर उमटतं. रूपाच्या नावापुढं आधी साडेआठ लिहिले होते. ते खोडून सात. ते खोडून सहा. साडेआठ म्हणजे तिघींत सगळ्यात जास्त, पोरी. वडापाव नंतर सुचलाय.

ही त्यांची जुनी खोड. घरचं माणूस म्हटलं की दोन गुण कमी. बिडकीनच्या फायनलला तुझ्या बापाला बाद दिलं, सगळं मैदान ओरडत होतं की पाय आत होता. तुझा बाप आठ दिवस आमच्याकडं जेवला नाय. रूपा चौथीत धावण्यात पहिली आली तेव्हा परीक्षक हेच. दुसरा नंबर दिला. का, तर लोक म्हणतील बापानं दिला. लोक काय म्हणले नसते. पोरगी मात्र बक्षिसाची वही उशाखाली घेऊन रडली.

आता ती रडत नाय, बोलतही नाय. कंपनीची पाळी संपली की थेट मैदानावर जाते. मला तिच्या गप्प बसण्याचीच भीती वाटते. ही शेवटची संधी, तूच म्हणालीस. बापाच्या इमानदारीपायी पोरीचं नुकसान व्हावं, हे मला बघवत नाय. काहीतरी कर. माझं नाव घेऊ नकोस.

तुझ्यावर जीव हाय, तो हाय तसाच राहील.
काकू

पुणे,
२५ जानेवारी २०२६

ती. काकांना,
सविनय जयभीम. अहवाल मिळाला. रिक्षाचं वाक्य मॅडमनी ऑफिसात वाचून दाखवलं.

पण काका, रागावू नका, त्या सहाबद्दल मला शंका आहे. आणि मी बहीण असल्यामुळे माझ्या शंकेला इथं किंमत नाही. म्हणून मी मॅडमना म्हटलं की कागद बाजूला ठेवा आणि स्वतः जाऊन बघा. त्या तयार झाल्या. रविवारी, १ फेब्रुवारीला, तुमच्या मैदानावर तिघींची चाचणी होईल. आमच्या दोन चढाईपटू सोबत येतील. मॅट अंथरायची आणि पंचांची व्यवस्था तुम्ही बघा. मी येणार नाही. मी तिथं असले तर रूपाकडेच बघत राहीन, आणि ते मॅडमना दिसेल.

काका, तुमच्याकडून मी खेळ बघायला शिकले. म्हणून एवढंच मागते, त्या दिवशी जे दिसेल तेच बघा.

राग आला असेल तर पत्रातून काढा, लोभ मात्र कमी करू नका.
प्रेरणा

चिकलठाणा,
३ फेब्रुवारी २०२६

चि. प्रेरणास,
आशीर्वाद. चाचणी पार पडली. तुझ्या मॅडम भल्या बाई हायत, तुझ्या काकूच्या हातच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागून घेतली. संस्कृती छान खेळली. दीपमालानं तुमच्या एका पोरीचा खांदा दुखवला, पण नंतर तिनंच तो चोळून दिला.

आता खरं लिहितो. दोन दिवस झाले, घास गोड लागत नाय.

पंच म्हणून माझ्याऐवजी कारभारी येणार होता. माझा जुना जोडीदार. त्याचा गुडघा धरला, आला नाय. मॅडमना म्हटलं, पोरगी माझी हाय, दुसरं कुणी बघा. त्या म्हणाल्या, तुम्हीच उभे राहा. मी मध्यरेषेवर उभा राहिलो.

शेवटाकडं तुमची मोठी चढाईवाली आत आली. रूपा जागची हलली नाय. पाय आत येईस्तोवर थांबली आणि घोटा धरला. ती पोर दांडगी, रूपाला ओढत ओढत रेषेपर्यंत घेऊन आली. आडवी पडून हात लांबवला. माझ्या पायाशीच पडला तो हात. रेषेपासून चार बोटं अलीकडं होता, प्रेरणा. चार बोटं. मी वाकून बघत होतो. आणि मी हात वर करून सांगितलं की रेषेला लागला, चढाईवाली सुटली.

असं का केलं, विचारू नकोस. मी ठरवलं नव्हतं, हात आपोआप वर गेला. गुणांचं म्हणशील तर ते माझं मत होतं, निदान मनाची समजूत तशी घालता येते. हे तसं नव्हतं. कबड्डीच्या पंचवीस वर्षांत मी चुकलो असेन, पण जाणूनबुजून खोटा निकाल एकदाच दिला, तो माझ्या पोरीच्या विरुद्ध दिला.

रूपानं माझ्याकडं बघितलं. चाचणीत बाद झालेलीला बाहेर बसवत नव्हतो, तर तिनं अंगावरचं झटकलं आणि परत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मला लाज वाटली.

हा कागद मॅडमना दाखव. रूपाला साडेआठ. हा गुण मी पहिला अहवाल लिहिला तेव्हाच लिहिला होता, मग खोडला. नवीन अहवाल सहीनिशी सोबत जोडलाय. बापानं बदलला म्हणून त्या टाकून देतील, तर तो दोष माझा, पोरीचा नाय.

मोठा माणूस चुकला तरी माया तोडू नये.
तुझा काका,
धम्मपाल

पुणे,
२३ फेब्रुवारी २०२६

ती. काका-काकूंना,
जयभीम. रूपा आमच्या संघात आली हे काल फोनवर कळलंच असेल. काकूचा आरडाओरडा मला इथवर ऐकू आला. आता पडद्यामागचं सांगते. इतके दिवस गप्प होते, कारण लिलावापर्यंत तोंड उघडायचं नाही अशी मॅडमची ताकीद होती.

तुमचं पत्र मी त्यांना आलं त्याच दिवशी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःची वही माझ्यापुढे उघडली. चाचणीच्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं: निकाल चुकीचा. मुलीला माहीत आहे. वाद नाही. पुढच्याच चढाईला तीच पकड, तोच घोटा.

काका, तुम्ही लिहायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, जिच्या घरातच असला पंच आहे, ती बाहेरच्या कुठल्या पंचाला भिणार? आणि तुमचं पत्र त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलंय. असं लिहिणारा पंच त्यांना आजवर भेटला नव्हता म्हणे.

काल रूपाचं नाव जेवणाच्या सुट्टीनंतर पुकारलं. आणखी एका संघानं बोलीची पाटी वर केली तेव्हा मी आकडे कागदावर मोजत बसले. मॅडमनी मात्र आमची पाटी खाली घेतलीच नाही. मी टेबलाखाली डोळे पुसले, नोकरीला शोभत नाही ते.

लोभ होता, आहे, आणि आता रूपाशी वाटून घ्यावा लागेल.
प्रेरणा

चिकलठाणा,
२८ फेब्रुवारी २०२६

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद. गल्लीत पेढे वाटून झाले. काकूनं दोनदा वाटले, पहिल्या खेपेला काही घरं राहिली म्हणून.

परवा धीर करून रूपापाशी बसलो. त्या निकालाचं कबूल केलं. वाटलं होतं रागावेल. ती म्हणाली, बाबा, मला तेव्हाच दिसलं होतं. मग म्हणाली, मी डावा कोपरा का धरला, तुम्ही कधी विचारलं नाय. मध्यरेषेपासून सगळ्यात लांबची जागा ती. तिथंच आत धरून ठेवलं की हात लागला का नाय लागला, हा प्रश्नच उरत नाय. पंचाला द्यायला काही राहतच नाय. चौथीपासून मी तेच शिकले, म्हणाली. हसून म्हणाली गं. मला मात्र हसता आलं नाय. तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिलो.

पंचांच्या मंडळाला राजीनामा दिला. कारभारी म्हणतो, अजून पाच वर्षं सहज उभा राहशील. मी म्हटलं, राहीन, पण आता मला एका बाजूला बसायचं हाय.

तर पहिल्या मॅचचं तिकीट पाठव. दोन पाठव, काकू मागं राहणार नाय. पंचांच्या टेबलाजवळचं नको. जिथं बसून माणसाला आपल्या पोरीच्या नावानं घसा फाटेस्तोवर ओरडता येतं, तिथलं पाठव.

तुझ्यावरची माया अशीच, वर आणखी थोडी.
तुझा काका,
धम्मपाल