घोड्यावरून येणारा

बाबा,

सिनेमा संपला तरी मी पडद्याकडेच बघत बसलो आहे. शनिवारची दुपार. संपला की तुमच्याशी फोनवर बोलायचं, ही इतक्या महिन्यांची सवय. आज कुणाशी बोलू? म्हणून लिहितो आहे.

तो आलाच नाही, बाबा.

युक्ती तुमची होती. मूकपटांच्या काळातला तो इंग्रज नट. बोलपट आले आणि त्याचा पातळ आवाज सगळ्यांना नकोसा झाला. नायकाचा तो भाऊ झाला, मग वकील, मग नोकर. "उतरत जाणारा माणूस बघवत नाही रे," तुम्ही म्हणालात. "आपण त्याचे सिनेमे उलटे बघू. शेवटचा आधी." तुम्ही पुण्यात, मी इकडे परदेशात क्लेटनमध्ये, साथीमुळे दोघेही घरात कोंडलेले. फोनवर तुम्ही "दाब" म्हणालात की दोन्हीकडे सिनेमा एकदम सुरू.

पहिल्या शनिवारी त्याने दार उघडलं, "गाडी आली आहे" म्हणाला आणि गेला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग दर आठवड्याला तो तरुण होत गेला. केस काळे झाले, आवाज गेला, नायिका मिळाल्या.

बँकेच्या नाटकांत तुम्हीही नायकापासून पोस्टमनपर्यंत आला होतात. त्याबद्दल कधी बोलला नाहीत. का?

एकच उरला होता, त्याचा पहिला सिनेमा. तेव्हा तुम्हाला ताप होता. धापा टाकत म्हणालात, "मी बघून टाकला. राहवलं नाही."

"ही चीटिंग आहे, बाबा."

"शेवटी येतो. घोड्यावरून. काय हसतो अरे! तू बघ, मग बोलू."

मग हॉस्पिटल. मग आईचा फोन. मला देशाबाहेर पडायची परवानगी मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईलाही लांबूनच बघू दिलं.

आज बघायचा धीर केला. घोडा आहे. दाराशी बांधलेला, रिकामा. त्यानंतर एक पाटी: पुढची रिळं सापडलेली नाहीत.

म्हणजे तुम्हीही एवढंच पाहिलं होतंत. अंगात ताप असताना, एकट्याने. आणि मला मात्र हसणारा माणूस सांगितलात. हे बरं केलंत का? मी शेवटपर्यंत वाट बघत होतो. "मग बोलू" म्हणालात. काय बोलणार होतात?

आईने विचारलं तर काय सांगायचं, ते माझ्यावर सोडा. एवढं मी करीन.

तुमचा
सुहास

ता. क. आज रविवार. सकाळी आईचा फोन आला. तुमचे स्वेटर कुणाला द्यायचे ते विचारत होती. मग म्हणाली, "बघितलास का रे तो? हॉस्पिटलात नेतानाही यांचं तेच चाललं होतं. आला का घोड्यावरून?"

"आला," मी म्हटलं.

"हसला?"

"हसला."